पुनरुत्थान खरं निघालं तर? मला याचीच भीती होती

तुम्ही विचारलंय: "मी जन्मानं ख्रिस्ती, लातूरकडची. येशूचं पुनरुत्थान, म्हणजे मेल्यावर पुन्हा जिवंत होणं, खरंच झालं का, हे तपासून पाहायची मला भीती वाटते. खोटं निघालं तर आईला काय सांगू? आणि कधी कधी ते खरं असेल याचीच जास्त भीती वाटते. असं वाटणं पाप आहे का?"

खोटं निघेल याची भीती बोलून दाखवणारे पुष्कळ भेटतात. खरं असेल याची भीती वाटते, असं म्हणणारं माणूस मला तुमच्याआधी भेटलं नव्हतं. मला ती वाटली होती. म्हणून लिहायला बसलो.

मी जालन्याचा, वय एकोणसाठ. आमच्याकडची ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. निजामाच्या राज्यात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, त्या काळापासून आमचं घराणं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आहे. विश्वास मला वडिलोपार्जित घरासारखा मिळाला. राहत होतो, पाया खणून पाहायची कधी गरज पडली नाही. नाताळ, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवारची तीन तासांची उपासना, ईस्टरला पहाटे कंदील घेऊन भजनं म्हणत निघणारी प्रभातफेरी, हे सगळं अंगवळणी पडलेलं.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साडेतीन एकर रान धाकट्या भावाच्या नावावर करून दिलं. मला नोकरी होती, त्याला काहीच नव्हतं. रान कोरडवाहू, त्यातून मला काय मिळणार होतं? पण मला विचारलं नाही, ही सल होती. दोन वर्षं मी आबांशी बोललो नाही. एकाच गावात, एकाच मंडळीत, तीन बाकांच्या अंतरावर बसून.

३१ मार्च २०१३ला ईस्टर होता. दुष्काळाचं वर्ष. टँकरमागे घागरींच्या रांगा लागायच्या, तरी त्या सकाळी सगळी माणसं धुतलेल्या कपड्यांत आली होती. उपासना सुटल्यावर आमच्यात एकमेकांना "प्रभू उठला आहे" म्हणायची पद्धत आहे. समोरच्यानं "खरोखर उठला आहे" असं उत्तर द्यायचं. आबा गर्दीतून माझ्यासमोर आले. हात पुढे केला आणि म्हणाले, "प्रभू उठला आहे." मी ऐकलं नाही असं दाखवून शेजारच्या माणसाकडे वळलो.

नवव्या दिवशी आबा गेले. रात्री छातीत दुखलं, सकाळपर्यंत संपलं. जमीन इतकी वाळली होती की कबर खणताना मुरमात पहार शिरत नव्हती. पाळकसाहेबांनी करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचला. नंतर जो तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "रडू नका, पुन्हा भेट होईल."

पुन्हा भेट होईल, हे सगळ्यांना सांत्वन वाटतं. माझ्या पोटात त्यानं गोळा आला. भेट झाली तर मी त्यांना काय तोंड दाखवू?

पुढच्या रविवारपासून मतांगीकार, म्हणजे मंडळीनं मिळून म्हणायची विश्वासाची कबुली, म्हणताना "शरीराचे पुनरुत्थान" या शब्दांपाशी माझे ओठ मिटायला लागले. मी स्वतःला सांगायचो की आता मी विचार करणारा माणूस झालोय, आंधळेपणानं काही म्हणणार नाही. पुनरुत्थानाविरुद्ध जे जे लिहिलेलं मिळेल ते वाचायचो आणि वाचून मला बरं वाटायचं. माणूस मेला म्हणजे विषय संपला, हिशेब मिटला. त्या वाचनामागे मला सत्य हवं होतं असं मी आज म्हणणार नाही. मला सुटका हवी होती. खोटं निघावं यात माझा फायदा होता, आणि ज्याचा फायदा आहे त्यानं निवाडा करू नये, एवढं तर गावातल्या पंचालाही कळतं.

म्हणून माझी पहिली विनंती ही, की कागदावर लिहून काढा: पुनरुत्थान खरं निघालं तर माझं काय जाईल, आणि खोटं निघालं तर काय जाईल. दोन्ही बाजू. कुणाला दाखवू नका. मी लिहिलं तेव्हा पहिल्या बाजूला एकच ओळ आली: आबांना उत्तर द्यावं लागेल.

आता शास्त्राबद्दल. मार्कच्या शुभवर्तमानाची सर्वांत जुनी पूर्ण हस्तलिखितं चौथ्या शतकातली आहेत, एक सिनायचं आणि एक व्हॅटिकनचं. त्या दोन्हींत मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर थांबतो. येशूच्या कबरेकडे आलेल्या बाया तिथून पळाल्या, थरथरत होत्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. संपलं. पुढच्या ओव्या नंतर जोडल्या गेल्या असं बहुतेक अभ्यासक मानतात. हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. सगळ्या जगाला सांगायची बातमी, आणि ती पहिल्यांदा ऐकणाऱ्यांची पहिली प्रतिक्रिया भीती! मत्तयात त्या बाया भीतीनं आणि मोठ्या आनंदानं, दोन्ही घेऊन धावतात. लूकमध्ये शिष्यांना आपण भूत पाहतोय असं वाटतं. तेव्हा तुम्हाला जे वाटतंय ते कबरेजवळ पहाटे उभ्या असलेल्या बायांना तुमच्याआधी वाटून गेलेलं आहे.

"पण झालं का खरंच?" हे तुम्हाला विचारायचंय, आणि विचारलंच पाहिजे. प्रेषित पौल स्वतः म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट, तुमचा विश्वास फुकट, आणि आमच्याइतकं कीव करण्यासारखं कुणी नाही. जो माणूस असं लिहितो तो तपासणीला घाबरत नाही. करिंथकरांना लिहिलेलं हे पत्र साधारण इसवी सन ५५च्या सुमाराचं. वधस्तंभ ३० ते ३३च्या दरम्यानचा. म्हणजे मध्ये वीस-पंचवीस वर्षं. उठलेला ख्रिस्त ज्यांना दिसला त्यांची यादी तो त्यात देतो: शिष्य पेत्र, याकोब, आणि पाचशेहून अधिक जण, ज्यांतले बहुतेक अजून हयात आहेत असंही लिहितो.

तुम्ही लातूरकडच्या, म्हणून किल्लारीचं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. त्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसलात तर आजही ऐकायला मिळेल. एक म्हणतो आधी मोठा आवाज झाला, दुसरा म्हणतो आधी जमीन हलली. ढिगाऱ्यातून कुणी कुणाला काढलं यावर सख्ख्या भावांचं जुळत नाही. तीस वर्षं उलटून गेली तरी. म्हणून भूकंप झालाच नाही असं कुणी म्हणतं का? कबरेपाशी बाया किती होत्या, देवदूत एक की दोन, यावर चारही शुभवर्तमानं जुळत नाहीत, हे खरंच आहे. ते लपवू नका आणि त्यानं घाबरूनही जाऊ नका. अर्थात किल्लारीचा ढिगारा सगळ्यांनी पाहिला, रिकाम्या कबरेचं तसं नाही. हा दाखला तिथंच थांबतो.

मला स्वतःला दोन गोष्टी जड वाटल्या. एक म्हणजे साक्ष बायांची आहे. त्या काळी यहुदी समाजात न्यायालयापुढं बाईच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. शिष्यांनाही ती बडबड वाटली, असं लूक लिहितो. गोष्ट रचायची असती तर असे साक्षीदार कुणी निवडले नसते. दुसरी येशूच्या भावाची, याकोबाची. येशूचे भाऊ त्याच्या हयातीत त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, हे योहानानं स्वच्छ लिहिलंय. तोच भाऊ पुढं यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख होतो आणि इसवी सन ६२मध्ये त्याला दगडमार करून मारतात, हे जोसेफस या यहुदी इतिहासकारानं नोंदवलंय. सख्खा भाऊ पटवणं किती अवघड असतं हे मला कुणी सांगायला नको.

एवढ्यानं पुनरुत्थान सिद्ध होतं, असं मी म्हणत नाही. इतिहास दारापर्यंत आणून सोडतो. शिष्यांना काहीतरी दिसलं, अशी त्यांची पक्की खात्री होती, इथवर विश्वास न ठेवणारे अभ्यासकही येतात. आत जायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मी दारापाशी बराच काळ उभा होतो, आणि मला आत नेलं ते कोळशांनी.

योहानाच्या अठराव्या अध्यायात थंडी आहे, चाकरांनी कोळशांचा विस्तव पेटवलाय, आणि पेत्र, आधी दारापाशी आणि मग तिथं शेकत उभा राहून, येशूला तीनदा नाकारतो. एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू समुद्रकाठी मासे भाजतोय, आणि तिथंही कोळशांचा विस्तव आहे. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द आहे, अँथ्राकिया. संपूर्ण नव्या करारात तो याच दोन ठिकाणी येतो. पेत्राला तो वास आला असेल. ज्याला नाकारलं तो मेला, विषय संपला, असं त्यालाही एखाद्या रात्री वाटून गेलं असेल. आणि आता तोच समोर बसलाय, त्याच वासात, भाकर आणि मासे घेऊन. म्हणतो काय, तर "या, न्याहारी करा." आधी खायला घालतो. प्रश्न त्यानंतर. तीनदा नाकारलं होतं, म्हणून तीनदा: "माझ्यावर प्रीती करतोस काय?" तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटलं, असं लिहिलंय. हिशेब सोडून दिलेला नाही. पण तो जेवणानंतर, विस्तवापाशी, आणि हातात मेंढरं सोपवत झाला.

हे वाचत होतो तेव्हा डिसेंबर होता. आईनं अंगणात शेगडी पेटवली होती. मी पुस्तक मिटलं, तिच्याजवळ जाऊन बसलो आणि ईस्टरच्या दिवशी आबांचा हात मी घेतला नव्हता, हे पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. आई बराच वेळ कोळसे सारखे करत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी मला सांगितलं व्हतं त्याच दिशी. म्हणले, पोराला ऐकू आलं, पण त्याच्या तोंडून निघंना. निघंल."

त्या आठवड्यात मी धाकट्याच्या घरी गेलो. सोपं गेलं नाही. तासभर तो माझ्याशी रानाबद्दलच बोलत राहिला आणि मी पुन्हा चिडलो. तिसऱ्या खेपेला चहा झाला. आज आम्ही दोघं ईस्टरच्या पहाटे कबरींना फुलं वाहायला बरोबर जातो. आबांच्या कबरेपाशी मी ते राहिलेलं उत्तर मोठ्यानं म्हणतो. म्हणताना अजूनही अंगावर काटा येतो, आणि त्यात थोडी भीती असते. पण मतांगीकार म्हणताना आता ओठ मिटत नाहीत.

तुमच्या आईचं. तपासून पाहण्याआधीच त्यांना काय सांगायचं, याची चिंता तुम्ही करताय. त्यांना निकाल सांगू नका, प्रश्न सांगा. "आई, तुला कधी भीती वाटली का?" एवढंच. आपल्याकडच्या आयांनी दुष्काळ पाहिलेत, माती दिलेली आहे, त्या आपल्याला वाटतात तेवढ्या नाजूक नसतात.

आणि पाप? मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात अकरा शिष्य गालीलातल्या डोंगरावर येतात, येशूला पाहून नमन करतात, आणि तिथंच लिहिलंय की कित्येकांना संशय वाटला. समोर उभा असताना! त्यानं संशयवाल्यांना बाजूला काढलं नाही. "जा" हा शब्द सगळ्यांना एकदमच सांगितला.

मार्कचा सोळावा अध्याय आठव्या ओवीपर्यंत आणि योहानाचा एकविसावा, हे दोन आधी वाचा. सलग, मोठ्यानं. आणि त्या कागदावर पहिल्या बाजूला काय आलं, ते वाटलं तर मला कळवा. नाही कळवलंत तरी चालेल.