विमा २,३२० रुपयांचा, पॉलिसी ४८ हजारांची

प्रश्न: औसा तालुक्यात माझी पाच एकर कोरडवाहू जमीन आहे, सगळं सोयाबीन. एक रुपयातला पीकविमा बंद झाला, यंदा २,३२० रुपये मागतात. भरावेत का? गेल्या वर्षीचं १.२० लाखाचं पीककर्ज भरलेलं नाही, कारण कर्जमाफी होणार म्हणतात. पेरणीला गावातून ६० हजार महिना शेकडा तीनने उचलले. कर्ज मंजूर करताना बँकेत घेतलेल्या पॉलिसीचा ४८ हजारांचा तिसरा हप्ता ऑगस्टमध्ये आहे, त्यामुळे हात आखडलाय. घरखर्च दुधावर भागतो.

उत्तर: विमा भरा. दोन हेक्टरला १.१६ लाखाचं संरक्षण, त्याचे दोन टक्के म्हणजे २,३२०. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला १२ हजार येतात, त्यातून हे सहज निघतं. अर्ज भरून देणाऱ्या सीएससी केंद्रावर वर एक रुपयाही देऊ नका, त्यांना अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून मिळतात. फार्मर आयडी आणि ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) मात्र चुकवू नका.

फक्त जुन्या आशेने भरू नका. रानात पाणी साचलं, ७२ तासांत कळवलं आणि भरपाई आली, हा प्रकार राज्यात २०२५च्या खरिपापासून बंद आहे. आता सगळा हिशोब महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवर, म्हणजे निवडक रानांत पीक कापून मोजलेल्या उत्पादनावर. उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई मिळते ते, हेक्टरी १० क्विंटल असेल आणि प्रयोगांची सरासरी ७ आली, तर तूट ३० टक्के, तुम्हाला ३५ हजारांच्या आसपास. तुमचं एकट्याचं रान वाहून गेलं आणि मंडळाची सरासरी टिकली, तर शून्य. भाव पडला तरी शून्य. म्हणून विम्याचे पैसे कुठल्याही खर्चासाठी आधीच धरून ठेवू नका.

तुमचा प्रश्न इथे संपला. मी अडकलो तो ४८ हजारांवर.

एकरी आठ क्विंटल, भाव ४,२०० धरला तर पाच एकरांत १.६८ लाख. बियाण्यापासून मळणीपर्यंतचा खर्च लाखाला टेकतो. उरतात ७० हजार, आणि त्यातले ४८ हजार पॉलिसीला? पंधरा वर्षं हप्ते, विसाव्या वर्षी १२ लाख, असं तुम्ही कळवलंय. भरणार ७.२० लाख. ‘जवळपास दामदुप्पट’ म्हणून विकलं असेल. परतावा निघतो वर्षाला जेमतेम चार टक्के. हेच पैसे पीपीएफ या सरकारी बचत योजनेत आजच्या ७.१ टक्क्यांनी वीस वर्षांत १८ लाखांच्या वर जातात. अर्थात तुम्हाला तेही आत्ता सांगणार नाही, कारण पहिले दोन्ही हप्ते पीककर्जातून गेलेत. बियाण्या-खतासाठी काढलेल्या पैशातून वीस वर्षांची पॉलिसी विकणाऱ्याला काय म्हणावं ते मी इथे लिहीत नाही.

पुढची साखळी बघा. हप्ता कर्जातून गेला, कर्ज थकलं, नवं मिळालं नाही, म्हणून सावकार. मुदतीत भरलं असतं तर तीन लाखांपर्यंत पीककर्जाला आपल्या राज्यात व्याज शून्य पडतं. आता सवलत गेली; दहा टक्के धरले तरी वर्षाला १२ हजार. सावकाराचे सहा महिन्यांचे ११ हजार वेगळे.

कर्जमाफी होईलही. पण २०१९च्या कर्जमुक्तीत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेली आणि ३० सप्टेंबर २०१९ला थकीत असलेली कर्जंच बसली होती. पुढच्या वेळी तारखा कोणत्या असतील आणि तुम्ही त्यांत बसाल का, हे शासन निर्णय निघेपर्यंत कोणीच सांगू शकत नाही. त्या भरवशावर शेकडा तीनने पैसे उचलणं परवडत नाही.

तेव्हा तिसरा हप्ता भरू नका. कंपनीकडून सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मोडली तर किती मिळतील, ते लेखी मागवा. दोन हप्त्यांवर साधारण ३० टक्के, म्हणजे २९ हजार हाती येतील. ६७ हजार गेले. वाईट वाटेल, पण ते वाचवायला आणखी सव्वासहा लाख घालायचे का? सुगीनंतर आधी सावकार मोकळा करा. मग उरलेलं आणि हे २९ हजार बँकेत भरा. एका हंगामात सगळं फिटणार नाही, दोन लागतील.

घरच्यांसाठी आयुर्विमा हवाच. ४३६ रुपयांत दोन लाखांची जीवन ज्योती, २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा, दोन्ही तुमच्याच बँकेत मिळतात. कर्ज फिटलं की टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा) बघू.

एक काम लगेच करा. कंपनीकडून प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत मागवा आणि त्यात तुमचं वार्षिक उत्पन्न किती लिहिलंय ते वाचा. पाच-सहा लाख असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. ती प्रत जोडून ‘कर्जासाठी पॉलिसी सक्तीची आहे असं सांगितलं’ अशी लेखी तक्रार बँक आणि विमा कंपनी दोघांकडे करा. दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा, तिथे फी नाही. आणि ऑगस्टच्या आत हप्त्याची ऑटो-डेबिट मंजुरी रद्द करून पोच घ्या, नाहीतर दुधाचे पैसे खात्यात पडले की हप्ता आपोआप वळता होईल.