विंचू चावला : अंगाला घाम, पाय गार आणि बीपी चढलेलं

प्रश्न : घाम सिम्पथेटिक संस्थेमुळे (धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या चेतासंस्थेमुळे) येतो, पण घामग्रंथीवर काम तंतूच्या टोकातून सुटणारं अ‍ॅसिटिलकोलिन करतं, असं पुस्तकात आहे. हे जुळत नाही. सुट्टीत गावी राजापूरला लाल विंचू चावलेले शेजारचे काका पाहिले. घामाने सदरा भिजलेला, हातपाय गारठलेले, तरी बीपी १६०/११०. शॉकमध्येही (बीपी कोसळून अवयवांना रक्त कमी पडतं तेव्हा) घाम येतो, पाय गार पडतात; मग बीपी चढलेलं कसं? (एमबीबीएस प्रथम वर्ष, रत्नागिरी)

उत्तर : घामग्रंथी हा सिम्पथेटिकमधला अपवाद आहे. गँग्लियननंतरचा (चेतापेशींच्या गाठीपुढचा) तंतू बहुतेक ठिकाणी नॉरअ‍ॅड्रेनालिन सोडतो. घामग्रंथीपाशी मात्र अ‍ॅसिटिलकोलिन सोडतो आणि ते तिथल्या मस्कॅरिनिक रिसेप्टरवर (रसायन ओळखणाऱ्या पेशीवरच्या जागेवर) बसतं. काकांच्या त्वचेवर नियम आणि अपवाद दोन्ही शेजारी-शेजारी दिसत होते. घाम अ‍ॅसिटिलकोलिनचा, गारपणा नॉरअ‍ॅड्रेनालिनचा.

लाल विंचवाच्या विषातली काही प्रथिनं चेतातंतूवरची सोडियम चॅनेल (सोडियम आत सोडणारी दारं) वेळेवर बंद होऊ देत नाहीत. त्यामुळे तंतू पुन्हापुन्हा पेटतो आणि टोकाशी साठवलेली रसायनं बाहेर पडत राहतात. आधी पॅरासिम्पथेटिकची (सिम्पथेटिकच्या जोडीची, बहुधा उलट काम करणाऱ्या संस्थेची) लक्षणं दिसतात : ओकाऱ्या, लाळ, कधी मंद नाडी, पुरुषांत लिंगाचा ताठरपणा. मागोमाग अ‍ॅड्रेनल मेड्युलासकट (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या गाभ्यासकट) सगळं सिम्पथेटिक उसळतं. त्वचेच्या रक्तवाहिन्यांवर अल्फा-१ रिसेप्टर असतात. तिथून जीक्यू प्रथिन, फॉस्फोलायपेज सी, आयपी३ अशी निरोप्यांची साखळी चालते, मग पेशीत कॅल्शियम वाढून स्नायू आवळला जातो. रक्त त्वचेपर्यंत पोचत नाही, म्हणून पाय गार.

शॉकमध्येही वाहिन्या अशाच आवळतात, पण तिथे आधी बीपी पडतं आणि बॅरोरिफ्लेक्स (बीपी सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया) ते सावरायला धावतो. इथे कोणी हाक न मारताच चेता पेटलेली असते. म्हणून नुसत्या गार पायांवरून ‘शॉक’ असं लिहू नका; आधी बीपीचा पट्टा बांधा. घाईत सलाइनच्या बाटल्या भराभर चढवल्या जातात आणि तिथेच घात होतो. आवळलेल्या धमन्यांविरुद्ध डावी जवनिका (हृदयाचा खालचा डावा कप्पा) आधीच जेरीला आलेली असते, रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. फुप्फुसातल्या केशवाहिन्यांतला दाब एरवी ७ ते १० मिमी पारा असतो. तो २५ च्या पुढे गेला की रक्तातली प्रथिनं पाणी धरून ठेवू शकत नाहीत आणि वायुकोशांत पाणी उतरतं. ओकाऱ्या-घामाने गेलेलं पाणी भरून काढायचंच, पण शक्यतो तोंडाने, घोट घोट.

तपासताना उलट्या हाताने तळपायापासून वर स्पर्श करत जा. गारवा घोट्यापर्यंत आहे की गुडघ्यापर्यंत, ते वेळेसह लिहा. अर्ध्या तासाने पुन्हा बघा. नाडी, बीपी, श्वासाचा वेग सोबत. खोकला सुरू झाला, श्वास वाढला, तर फुप्फुसाच्या तळाशी स्टेथोस्कोप लावा.

प्रश्न : घाम आणि लाळ थांबवायला अ‍ॅट्रोपिन, नाडी धावते म्हणून बीटा-ब्लॉकर (हृदयाचा वेग कमी करणारं औषध) का देत नाहीत? (नर्सिंग द्वितीय वर्ष, सावंतवाडी)

उत्तर : अ‍ॅट्रोपिनने घाम सुकेल, पण व्हेगसचा (नाडी मंदावणाऱ्या चेतेचा) लगाम सुटून नाडी आणखी धावेल आणि आवळलेल्या धमन्या तशाच राहतील. बीटा-ब्लॉकरने हृदयाचा जोर कमी होतो, वाहिन्या सैलावणारे बीटा-२ रिसेप्टरही अडू शकतात आणि अल्फाला मोकळं रान मिळतं.

अडवायचा तो अल्फा-१. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे अल्फा-१ अडवणारं औषध वापरून हे दाखवलं. १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावातून आलेलं हे काम प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. प्राझोसिन अल्फा-२ ला फारसं धरत नाही. चेताटोकावरचा अल्फा-२ नॉरअ‍ॅड्रेनालिनचा पुढचा स्राव आवरतो. तो आवर शाबूत राहतो. दोन्ही अल्फा अडवणाऱ्या फेंटोलामिनने तो सुटतो.

प्राझोसिन डॉक्टरच्या देखरेखीखाली मोठ्यांना ५०० मायक्रोग्रॅम, मुलांना किलोमागे ३० मायक्रोग्रॅम तोंडाने, हातपाय कोरडे आणि उबदार होईपर्यंत दर ३ तासांनी. गोळी साधी हवी. सावकाश विरघळणारी गोळी इथे कामाची नाही, आणि ती तोडली तर मात्रेचा भरवसा राहत नाही. पहिल्या मात्रेनंतर रुग्णाला उठून बसू देऊ नका, बीपी एकदम पडतं. नुसती वेदना असेल, घाम-गारवा नसेल, तर प्राझोसिन नको. दंशाच्या जागी भूल आणि पॅरासिटामॉल. विंचवाचं प्रतिविष मिळालं तर प्राझोसिनच्या जोडीने द्यावं. महाडच्याच २०११ च्या चाचणीत दोन्ही मिळालेले रुग्ण लवकर सावरले.

प्रश्न : दंशानंतर तासाभरात साखर २२० आली. मधुमेह समजायचा का? (डीएमएलटी, अलिबाग)

उत्तर : लगेच नाही. अ‍ॅड्रेनालिनमुळे यकृतात सायक्लिक एएमपी आणि कॅल्शियम वाढतं, फॉस्फोरिलेज हे विकर जागं होतं, ग्लायकोजेन (साठवलेली साखर) फुटून ग्लुकोज रक्तात येतं. त्याच वेळी स्वादुपिंडाच्या बीटा पेशींवरचा अल्फा-२ इन्सुलिन रोखतो. आवक वाढली, उठाव थांबला. त्याच वेळी एचबीए१सी (हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजणारी चाचणी) करा. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि हिमोग्लोबिनला साखर हळूहळू चिकटते, म्हणून दोन-चार तासांच्या उसळीने हा आकडा हलत नाही. तो ६.५ किंवा त्याहून जास्त आला, तर साखर विंचवाच्या आधीपासूनची असण्याची दाट शक्यता. बरं वाटल्यावर उपाशीपोटी तपासून खात्री करा.