पॅलिओला चिकन ‘चालतं’ की पॅलिओत ‘बसतं’?

नेरूळच्या एका वाचक बाई आहारतज्ज्ञाच्या दवाखान्यासाठी मराठी पत्रक तयार करताहेत. त्यांनी शीर्षक दिलं, ‘पॅलिओत चिकन बसतं का?’ (पॅलिओ म्हणजे पुराश्मयुगातल्या, शेती सुरू होण्याआधीच्या माणसासारखं खायचं, असा आहार.) सहकारी म्हणाली, ‘बसतं’ हे इंग्रजीवरून उचललेलं वाटतं, ‘पॅलिओला चालतं का?’ असं लिही. यातलं बरोबर कोणतं, आणि ‘पॅलिओ’ला मराठी शब्द आहे का, असं त्या विचारतात.

मराठी दोन्ही आहे. ‘नियमात बसत नाही’, ‘हिशोबात बसवून घेतलं’ हे आपण इंग्रजीला न विचारता म्हणत आलो आहोत. फक्त हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी निघतात.

‘चालणं’ हे परवानगीचं क्रियापद. उपवासाला चालतं, पथ्याला चालतं, सोवळ्यात चालत नाही. आपल्याकडे तर कर्त्याचीही गरज लागत नाही. ठाण्यात नवे शेजारी जेवायला यायचे असले की ‘तुमच्यात चालतं ना?’ एवढंच विचारतात. काय चालतं ते कोणी बोलत नाही आणि समजायचं ते बरोबर समजतं. चालण्यामागे कारण असावं लागत नाही, यादी असावी लागते. बटाटा आणि साबुदाण्याचा कंद दोन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेतले, तरी आपल्या उपवासाला राजरोस चालतात.

पॅलिओची यादी अशी: मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, सुकामेवा हे हो; धान्य, कडधान्य, दूधदुभतं, साखर हे नाही. म्हणजे चिकन चालतं, प्रश्नच नाही. मोडतं ते आजूबाजूच्या गोष्टींनी. वाटणात कांदा, खोबरं, लसूण, मिरी असेल तर ठीक. तंदुरीला दही लावलं, लॉलीपॉपला मैदा-कॉर्नफ्लोअर लावलं की गेलं. कोंबडी-वड्यातली कोंबडी चालते, वडे नाहीत (तांदूळ आणि उडीद, दोन्ही बाद). शेंगदाण्याचं कूटही नाही, कारण शेंगदाणा कडधान्यांच्याच कुळातला.

‘बसणं’ मात्र व्याख्येला विचारतं. पुराश्मयुग संपलं साधारण १२,००० वर्षांपूर्वी. पाळीव कोंबडीची खात्रीची सर्वांत जुनी हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली, इ. स. पू. १६५० ते १२५० च्या दरम्यानची. त्याआधी रानकोंबड्या होत्या, आणि हाती लागल्या तर माणसाने सोडल्या नसतील. पण नाक्यावरच्या दुकानात फळ्यावर ‘बॉयलर’ लिहिलेली, पाच-सहा आठवड्यांत दोन किलोची होणारी कोंबडी त्या काळात कशी बसणार? तिचं खाद्य मका आणि सोयापेंड, म्हणजे पॅलिओवाल्यांनी बाद केलेलं धान्य अन् कडधान्यच. म्हणून काटेकोर मंडळी मोकळी चरणारी गावठी मागतात. (‘बॉयलर’ हे मूळ ‘ब्रॉयलर’, त्याचा पाणी उकळण्याशी संबंध नाही. पण फळ्यावर ‘ब्रॉयलर’ लिहिलं तर गिऱ्हाईक थबकेल, तेव्हा राहू द्या.)

पत्रकात ‘चिकन’च लिहा. ‘पॅलिओला कोंबडी चालते का?’ असं छापलं तर चालत्या कोंबडीचं चित्र काढणारा एक तरी नग भेटेलच. शिवाय कोंबडी म्हणजे पक्षी आणि चिकन म्हणजे त्याचं मांस, अशी वाटणी आपल्याकडे बहुतेक घरांत झालेली आहे. कोंबडी-वडे, कोंबडीचा रस्सा असे पदार्थ तेवढे अपवाद.

आता ‘पॅलिओ’. ‘पॅलिओलिथिक’ (पुराश्मयुगीन) ही संज्ञा इंग्रज पुरातत्त्व अभ्यासक जॉन लबक यांनी १८६५ मध्ये रूढ केली. ग्रीक ‘पलायोस’ म्हणजे जुना, ‘लिथोस’ म्हणजे दगड. आपल्या ‘पुराश्म’मध्ये दोन्ही शाबूत आहेत. आहाराचं नाव घेताना इंग्रजीने दगड टाकून दिला आणि नुसतं ‘जुना’ ठेवलं. ‘पुराश्मयुगीन आहार’ बरोबर आहे, पण इतिहासाच्या पेपरातल्या पाच गुणांच्या टीपेसारखं वाटतं. ‘आदिमाहार’ कानाला बरा आहे, मात्र पेशंटला पुन्हा समजावून सांगावा लागेल. लोक जिममधून ‘पॅलिओ’ हाच शब्द घेऊन तुमच्याकडे येतात, तोच ठेवावा.

शीर्षक ‘पॅलिओला चिकन चालतं का?’ असंच द्या, सहकारी तेवढ्यापुरती बरोबर आहे. खाली ‘हो, बिनदह्याचं, बिनमैद्याचं, भाकरीशिवाय’ एवढं लिहिलंत की झालं. तुमचं ‘बसतं’ दुसऱ्या पानासाठी राखून ठेवा, जिथे गावठी की बॉयलर हा वाद घालायचा आहे.