पेरलेलं झाका

«ताई, माझं वय 67, साताऱ्याला राहते. शाळेत क्लार्क होते. 2013 साली मिस्टर गेले. पुढच्याच वर्षी शेजारच्या काकूंनी आळंदीला नेऊन माळ घालायला लावली. 2015 पासून माऊलींच्या पालखीबरोबर चालते. करोनाची दोन वर्षं सोडली तर नऊ वाऱ्या झाल्या, सगळ्या पायी. एकादशी चुकलेली नाही, रोजचा हरिपाठ चुकलेला नाही.

सून कोकणातली आहे, तिला मासे लागतात. मी माझी भांडी वेगळी केली, तिची कढई गॅलरीत ठेवायला लावली. बहीण एसटीनं पंढरपूरला जाऊन कळसाचं दर्शन घेऊन परत येते, तिला मी ‘व्हीआयपी वारकरी’ म्हणते. यंदा लोणंदच्या तळावर आमच्या दिंडीतली एक बाई सुजलेले पाय घेऊन ट्रकमध्ये चढली. मी बोलून गेले, ‘ट्रकनं पांडुरंग भेटत नसतो.’ ती हसून म्हणाली, ‘माऊली, मी पुढं जाऊन तुमच्या भाकरी थापते.’

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, ‘आई, तू वारीला जायला लागल्यापासून तुझ्यासमोर बोलायची भीती वाटते.’ दोन रात्री झोप नाही. मला अहंकार झालाय हे कळतंय. तो घालवायला काय करू? नामस्मरण वाढवू? आणखी एखादा नेम धरू?
– एक माळकरी»

माळकरी ताई,

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही. आणखी नेम बिलकूल धरू नका. तुमच्या वहीत जमेची बाजू आधीच खच्चून भरलीय, तिथं ‘अहंकार घालवण्यासाठी रोज अमुक माळा’ अशी नवी ओळ आली तर महिन्याभरात त्या माळांचाही हिशेब सुनेला ऐकू जाईल. हे मी तुम्हाला टोचायला म्हणत नाही. मी स्वतः त्या वाटेनं गेलेय. काही वर्षांपूर्वी इगतपुरीला विपश्यनेचं शिबिर केलं. पहाटे चारची घंटा, दहा दिवसांचं मौन. आणि दहा दिवस गप्प बसून आलेली ही बाई पुढचे दहा महिने त्या मौनाबद्दलच बोलत होती! लग्नात, मुंजीत, बँकेच्या रांगेत. शेवटी माझ्या जावेनं विचारलं, ‘पुन्हा कधी जाणार आहात? घरात जरा शांतता होईल.’

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. नऊ वाऱ्यांचं नव्हे, भाकरीचं. ताई, दिंडीचा ट्रक तुम्ही पोचायच्या आधी तळावर पोचतो, म्हणून तुम्ही पोचता तेव्हा पालं ठोकलेली असतात आणि चूल पेटलेली असते. भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणाचे, पैसे आपण भरतो, पण पिठात हात घालायला कुणीतरी पुढं जावंच लागतं. नऊ वर्षं तुम्ही चाललात ते त्या भाकरींवर. त्या बाईनं हे तुम्हाला सुनावलंही नाही, नुसतं आपलं काम सांगितलं आणि वर ‘माऊली’ म्हणाली. मला वाटतं, दोन रात्रींची झोप मुलाच्या बोलण्यानं उडाली असेल, पण तिला सुरुंग लागला तो लोणंदलाच. तुम्ही तो प्रसंग लिहिलात, त्यावर एक शब्द भाष्य न करता लिहिलात, त्यावरूनच मला तुमच्याबद्दल आशा वाटते.

आता एक गोष्ट तुमच्या बाजूची. पत्रात तुम्ही स्वतःला फार झोडलंय, आणि मला ते पटत नाही. आयुष्यभर तुम्ही कुणाच्या तरी सून होतात, कुणाच्या बायको होतात, शाळेत ‘अहो क्लार्क बाई’ होतात. मग साठीच्या उंबरठ्यावर, नवरा गेल्यावर, एक वाट सापडली जी कुणी दिली नव्हती. स्वतःच्या पायांनी कमावली. दिवे घाट चढताना धाप लागली ती तुमची, नीरेच्या पुलावर डोळे भरून आले ते तुमचे. हयातीत पहिल्यांदा काहीतरी ‘माझं’ झालं. त्याचा आनंद होणारच, आणि त्या आनंदाला मी अहंकार म्हणणार नाही. गडबड पुढं झाली. ते ‘माझं’ टिकवायला तुम्हाला ‘तुझ्यात नाही’ म्हणावं लागलं. बहिणीची एसटी लहान ठरली तेव्हाच तुमची पायवाट मोठी दिसायला लागली.

त्यामुळे ‘नम्र व्हा’ हा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. आपल्याकडे बायकांना तो फार स्वस्तात दिला गेलाय आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘गप्प बसा’ एवढाच असतो. शिवाय ठरवून आणलेली नम्रता लगेच ओळखू येते. ‘मी काय, पामर, माऊलींच्या पायाची धूळ’ असं माइकवरून म्हणणारे आपण दोघींनीही भरपूर ऐकलेत.

तुमच्याच घरात, पाटावर असलेल्या पोथीत एक साधी युक्ती आहे. गीता तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगते, त्यात पहिला शब्द अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणं, दुसरा अदंभित्व, म्हणजे देखावा नसणं. भक्ती, एकांत, वैराग्य सगळं त्यानंतर. ज्ञानेश्वर या लक्षणांवर शेकडो ओव्या खर्च करतात, आणि दंभ नसलेल्या माणसाचं वर्णन करताना शेतकऱ्याचा दाखला देतात: शेतकरी पेरलेलं बी मातीनं झाकतो, तसा हा माणूस आपलं दानपुण्य झाकून ठेवतो. किती व्यवहारी बोलणं आहे बघा! बी लाजेनं झाकत नाहीत. उघडं ठेवलं तर पाखरं टिपून नेतात आणि शेतात काही उगवत नाही, म्हणून झाकतात. तुमच्या नऊ वाऱ्या अशा उघड्यावर पडल्यात. जो येईल त्याला तुम्ही त्या दाखवता, ‘अरे वा’ म्हणून तो एक दाणा उचलतो, आणि तुम्हाला वाटतं पीक आलं.

तर झाका. म्हणजे नेमकं काय?

आकडा सोडा. ‘करोनाची दोन वर्षं सोडली तर नऊ’ हे वाक्य पुन्हा तोंडातून येऊ देऊ नका. कुणी विचारलंच तर ‘जाते मी’ एवढंच. पहिले काही दिवस जीभ शिवशिवेल. शिवशिवू दे.

पुढच्या वारीत दोन-तीन मुक्काम ट्रकनं पुढं जा. पाय धडधाकट असताना जा. त्या बाईच्या शेजारी बसून भाकरी थापा, आणि तुमची भाकरी तिच्यापेक्षा जाड झाली तर तिला शिकवायला सांगा. हे प्रायश्चित्त म्हणून करू नका, नाहीतर ‘मी मुद्दाम ट्रकनं गेले’ अशी दहावी वारी जमेला लागेल. तुम्ही कोण, किती वर्षांच्या, हे कुणी विचारत नाही अशा जागी थोडा वेळ बसायचं, एवढंच. आपण नवशिक्या असतो तिथं माज करायला जागाच उरत नाही.

बहिणीला फोन करा. माफीचं भाषण नको, त्यातही शेवटी आपणच थोर ठरतो. ‘तू कळसाचं दर्शन घेतेस तेव्हा तुला काय वाटतं गं?’ असं विचारा आणि मधे बोलू नका. मला खात्री आहे, इतक्या वर्षांत तुम्ही तिला हे एकदाही विचारलेलं नाही.

आता कढई. इथं जरा कडक बोलते. तुम्ही मासे खाऊ नका, माळ घातली आहे, तो तुमचा शब्द आहे आणि तो पाळलाच पाहिजे. तुमच्यासाठी वेगळं पातेलं असू दे. पण त्या मुलीची कढई गॅलरीत घालवणं हा माळेचा नियम नाही. हे विटाळाचं जुनं खातं आहे, आणि पंढरपूरनं ते फार जवळून पाहिलंय. ज्या चोखोबांचे अभंग आपण डोळे मिटून म्हणतो ते देवळाच्या बाहेरच राहिले. त्यांच्या समाजाला आत जाता यावं म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. तुमची गॅलरी एवढी मोठी गोष्ट नाही, मान्य. पण ‘माझं चोख, तुझं बाहेर’ या वाक्याचा नाद तोच आहे. कढई आत आणा. न बोलता आणा, सुनेला ती ओट्याखाली आपोआप सापडू द्या.

मुलाचं राहिलं. तळावर समाजआरतीच्या वेळी काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावतात आणि एवढ्या जनसमुदायातले टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात, मग तिच्यापाशी जाऊन तिचं म्हणणं ऐकलं जातं. त्या दिंडीला कुणी उद्धट म्हणत नाही. तुमच्या मुलाचा टाळ वाजतोय. तो कधीपासून वाजत असेल कोण जाणे, तुम्हाला तो यंदा ऐकू आला. त्याच्यापाशी जा आणि विचारा, ‘नेमकी कधी भीती वाटते, एक प्रसंग सांग.’ तो सांगेल तो प्रसंग तुम्हाला वेगळाच आठवत असणार. तरी ‘तसं नव्हतं रे’ म्हणू नका. निदान त्या दिवशी तरी नको.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्राच्या मागं मला एक भीती दिसते: इतकी वर्षं केलं ते सगळं वाया गेलं की काय? तेरला गोरोबाकाका कुंभारांच्या घरी संत जमले होते ती गोष्ट तुम्ही कीर्तनात शंभरदा ऐकली असेल. मडकी तपासायचं थापटणं घेऊन काकांनी एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं. बाकीचे मुकाट बसले, नामदेव रागावले, आणि ते मडकं कच्चं ठरलं. कीर्तनकार इथं हशा घेतात. मला मात्र ते नामदेव फार जवळचे वाटतात. ज्याच्याशी देव बोलतो, ज्याच्या हातचा नैवेद्य खातो, त्यालाच नेमकं टोचलं! आणि कच्चं ठरलं म्हणून ते मडकं कुणी फोडलं नाही. पुढं औंढ्याला गुरू विसोबा खेचरांकडे जाऊन ते भाजून निघालं. त्याच नामदेवांनी पुढं पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वाराची पायरी होणं मागून घेतलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय लागावेत म्हणून. आता गंमत अशी की त्या पायरीवर कुणी पाय ठेवत नाही, सगळे डोकं टेकवतात. त्या माणसानं पाय मागितले होते हो.

तेव्हा वाया काही गेलेलं नाही. मुलाच्या एका वाक्यानं दोन रात्री झोप उडते ती माती अजून ओली आहे.

एक शेवटची विनंती. हे उत्तर भजनी मंडळात वाचून दाखवू नका. मला माहितीये, तुमच्या मनात ते येऊन गेलं.

तुमची,
ताई