दुसऱ्या वर्षी गेलेले विषय आणि एमबीएचा अर्ज

प्रश्न : मॅडम, माझं वय 27. कोल्हापूरजवळ उजळाईवाडीत राहतो. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटीला चार वर्षं झाली. दहावीला 89 टक्के होते. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांचं ऑपरेशन झालं, दुकान माझ्यावर आलं. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, धरून चार विषय राहिले, वर्ष गेलं. डिग्री 53.8 टक्क्यांवर निघाली. शेवटच्या दोन सेमिस्टरला मात्र 65 च्या वर होतो. आमच्या लाइनला ब्लोहोलमुळे (ओतलेल्या मालात वायूने पडणाऱ्या पोकळ्यांमुळे) रिजेक्शन 9 टक्क्यांवर गेलं होतं. सँड, म्हणजे साच्याची वाळू, जास्त ओली असली की मुठीत दाबल्यावर बोटांना चिकटते, एवढ्या अंदाजावरच सगळं चालायचं. मी दर तासाला सँडमधलं मॉइश्चर (ओलावा) मोजून फळ्यावर लिहायला लावलं. पाच महिन्यांत रिजेक्शन 5 टक्क्यांवर आलं. आता एमबीए करायचं आहे. मित्र म्हणतात, मार्क बघूनच अर्ज बाजूला टाकतील. आणखी एखादी डिग्री करू का? मामा साखर कारखान्याच्या चेअरमनचं शिफारसपत्र मिळवून देतो म्हणतात. पुण्यात एक जण 40 हजारांत निबंध लिहून देतो. काय करू?
– एक वाचक, उजळाईवाडी

उत्तर : आणखी डिग्री नको. दोन-तीन वर्षं जातील आणि जुनी गुणपत्रिका आहे तिथंच राहील. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अर्जात काय लिहायचं ते तुम्ही मला आधीच लिहून पाठवलंय, फक्त ते तुमच्या लक्षात आलेलं नाही.

आधी पात्रतेचं बघू. कॅटला (आयआयएमच्या प्रवेश परीक्षेला) आणि आपल्या राज्याच्या एमबीए सीईटीला खुल्या गटातून पदवीला 50 टक्के लागतात. राज्यातल्या राखीव गटांना सीईटीला 45 पुरतात, कॅटला मात्र ही सवलत फक्त एससी, एसटी आणि दिव्यांगांना आहे. तुम्ही बसता. मात्र अर्जात 53.8 च लिहा, 54 करू नका. कागदपत्रं तपासताना असली गोष्ट हमखास सापडते. सीईटीत 200 प्रश्न, अडीच तास, चुकलेल्या उत्तराला गुण वजा नाहीत, आणि गुणवत्ता यादी परीक्षेच्या गुणांवर लागते. मुंबईचं जमनालाल बजाज किंवा पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग, म्हणजे पुम्बा, मनात असेल तर दुसऱ्या वर्षाचं भूत इथं तुमच्या आड येत नाही. आयआयएमचं तसं नाही. कॅट एकच, पण बोलावण्याचे निकष प्रत्येकीचे वेगळे. बंगळुरूला दहावी, बारावी आणि पदवी, तिन्ही गुण मोजले जातात. तिथं तुमची दहावी तुम्हाला हात देईल, पदवी मागे ओढेल. फॉर्म भरण्याआधी प्रत्येक संस्थेचे त्या वर्षाचे निकष स्वतः वाचा, मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नका. मुंबईचं एस. पी. जैन अर्जदाराचं काम आणि घडण बारकाईने बघतं. चार वर्षांच्या अनुभवावर हैदराबादच्या आयएसबीचाही विचार करा, तिथं जीमॅट किंवा जीआरई या आंतरराष्ट्रीय प्रवेश परीक्षा चालतात. जीमॅट आता सव्वादोन तासांची आहे, गुण 205 ते 805 मध्ये मिळतात आणि पाच वर्षं चालतात. नोकरी करणाऱ्याला हे सोयीचं पडतं.

आता मूळ दुखणं. कमी टक्के बघून समितीच्या मनात एकच शंका येते : या मुलाला आकडेमोडीचा अभ्यास झेपेल का? तुमचा गणिताचाच विषय राहिलेला, म्हणजे शंका आणखी घट्ट. तिला शब्दांनी उत्तर देता येत नाही, ताजे गुण दाखवावे लागतात. म्हणून परीक्षेत गणिताच्या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. त्याच्या जोडीला एनपीटेलवर (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर) संख्याशास्त्राचा एक आणि हिशेबाचा एक अभ्यासक्रम करा. शिकणं मोफत आहे, परीक्षेला थोडी फी पडते. 25 टक्के गुण दर आठवड्याच्या गृहपाठाचे आणि 75 टक्के केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे. केंद्रावर बसून दिलेली परीक्षा म्हणूनच तिला वजन आहे. नुसते व्हिडिओ बघून मिळालेली दहा सर्टिफिकेटं जोडणारी मुलं मी बघितलीत, त्यांचा काही उपयोग होत नाही.

मी बरीच वर्षं प्रवेशाच्या मुलाखती घेतल्या. एका वर्षी एकाच सकाळी दोन मुलं आली, दोघांचेही पदवीचे गुण पन्नाशीतले. पहिल्याला कारण विचारलं तर तो पेपर तपासणाऱ्यांबद्दल, शिक्षकांबद्दल, कॉलेजबद्दल दहा मिनिटं बोलत राहिला. कदाचित सगळं खरंही असेल, पण त्यात तो स्वतः कुठंच नव्हता. दुसरा म्हणाला, "आई आजारी होती हे खरं, पण त्याच्या आधीच्या सेमिस्टरलाही मी अभ्यास केला नव्हता. नापास झाल्यावर पहाटे उठायला लागलो. पुढचे मार्क समोर आहेत." आमच्या अध्यक्षांनी गुणपत्रिका पालथी ठेवली आणि त्याच्या कामाबद्दल विचारायला सुरुवात केली. ती पालथी गुणपत्रिका अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तुम्हीही तेवढंच करा. काही संस्था अर्जात जादा माहितीसाठी जागा देतात. तिथं चार ओळी पुरे : वडिलांचं ऑपरेशन, दुकान, राहिलेले विषय, आणि शेवटच्या दोन सेमिस्टरचे 65. माफी मागू नका, रडगाणं नको. वडिलांच्या आजारपणाचा कागद जवळ ठेवा, मागितला तरच दाखवा. आणि एक मनापासून सांगते. बापाचं दुकान सांभाळताना वर्ष गेलं यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. तुमच्या पत्रात ती लाज मला ओळीओळीत दिसली, म्हणून हे लिहिलं.

निबंधाचे 40 हजार वाचवा. "सँड मुठीत दाबल्यावर बोटांना चिकटते" हे वाक्य पुण्यात बसून कुणी लिहू शकत नाही, त्यासाठी मोल्डिंग शॉपमध्ये उभं राहावं लागतं. निबंधाची सुरुवात तिथूनच करा. मग फळ्याबद्दल लिहा. दर तासाला मोजायला मोल्डर (साचे करणारे कामगार) सुरुवातीला तयार होते का? कोण कुरकुरला, त्याला तुम्ही कसं समजावलं? महिन्याला किती टन माल वाचला, पुन्हा वितळवायचा किती खर्च टळला? पत्रात हे काहीच नाही, आणि मला तर हेच वाचायची उत्सुकता होती. व्यवस्थापन म्हणतात ते हेच, आणि तुम्ही ते डिग्रीशिवाय करून बसलाय. आपल्या उद्यमनगरातल्या, शिरोलीतल्या कितीतरी कारखान्यांत अशी पोरं आहेत आणि त्यांना वाटतं आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

मामांना नमस्कार सांगा आणि चेअरमनसाहेबांना त्रास देऊ नका. त्यांनी तुम्हाला काम करताना बघितलेलं नाही. शिफारस तुमच्या वर्क्स मॅनेजरची घ्या. ते इंग्रजीला बिचकत असतील तर मजकूर मात्र तुम्ही लिहून देऊ नका. शेजारी बसा, रिजेक्शनचं रजिस्टर उघडा आणि पाच महिन्यांतला एखादा प्रसंग त्यांच्या तोंडून येऊ द्या. भाषा साधी असली तरी चालते.

कॅट नोव्हेंबरअखेरीस असते, फॉर्म साधारण ऑगस्टमध्ये निघतात. एनपीटेलचं सत्र जुलैत सुरू होतं, दोन्ही एका वर्षात बसतं. पण या रविवारी आधी एक काम करा. मालकांना विचारून त्या पाच महिन्यांचे रिजेक्शनचे आकडे तारखांसह वहीत उतरवून घ्या. रजिस्टरं भरली की रद्दीत जातात.