आवडतं हॉटेल बंद झालं की माणूस गेल्यासारखं का वाटतं?

तुम्ही लिहिलंय की गल्लीच्या तोंडावरचं, लहानपणापासूनचं हॉटेल या महिनाअखेरीला बंद होतंय, घरचं कुणी जावं तसं वाटतंय आणि घरातले मात्र हसतायत. हे वेडेपणाचं आहे का, आणि आमच्यापैकी कुणाचं असं काही बंद झालंय का, असं तुमचं विचारणं आहे.

वेडेपणाचं मुळीच नाही. माझं आवडतं हॉटेल सामोवार बंद होऊन दहा वर्षं उलटली, तरी मुंबईत काळा घोड्याला गेले की पाय अजून जहांगीरकडे वळतात.

ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली. तिथेच १९६४ मध्ये उषा खन्ना यांनी सामोवार उघडलं. (या म्हणजे संगीतकार उषा खन्ना नव्हेत, नाव सारखं असल्यामुळे गल्लत होते.) सामोवार म्हणजे रशियात चहाचं पाणी उकळत ठेवायचं तोटीचं भांडं. जागा आगगाडीच्या डब्यासारखी, लांबच लांब आणि चिंचोळी. एका अंगाला शेजारच्या संग्रहालयाच्या आवारातली हिरवळ. खिमा पराठा, दहीवडा, भजी आणि पुदिन्याचा चहा, यांसाठी लोक लांबून यायचे. चित्रकार, जे.जे. कलाशाळेची मुलं, कोर्टातले वकील, बाहेर फूटपाथवर चित्रं मांडून बसणारे, सगळे त्या एका डब्यात. चित्रकार एम. एफ. हुसेनही तिथे येत असत.

मी चित्रकार नाही. १९८६ साली फोर्टातल्या एका बँकेत कारकून म्हणून लागले, डोंबिवलीहून जायची. तेव्हा बँका शनिवारी अर्धा दिवस असायच्या. घरी लवकर गेलं की धुणं, निवडणं, पाहुणे हे आलंच. मग मी एक युक्ती काढली. दुपारी सुटले की फाउंटनवरून चालत जहांगीरला जायचं, तिथे तिकीट नसतं, जे प्रदर्शन लागलं असेल ते पाहायचं, आणि मग सामोवारमध्ये एक चहा घेऊन व्हीटीवरून साडेचारची गाडी पकडायची. घरी सांगायची, आज काम जास्त होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या काळी एकट्या बाईने हॉटेलात जाऊन चहा पिणं किती अवघड होतं, हे आजच्या मुलींना सांगून पटणार नाही. मनाई कुणीच करत नव्हतं. पण इराण्याकडे गेलं की पोऱ्या आपणहून फॅमिली रूमकडे बोट दाखवायचा, आणि त्या पडद्याआड किंवा माडीवर एकटीने बसणं जास्तच विचित्र वाटायचं. उडप्याकडे बसेपर्यंत समोरच्या खुर्चीत अनोळखी माणूस येऊन बसणार, आणि शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत बिलाची बशी टेबलावर. त्यांचंही बरोबरच आहे, त्यांचा धंदा टेबल रिकामं होण्यावर चालतो. पण मला कुठेतरी तासभर नुसतं बसायचं असायचं. पुस्तक उघडून, किंवा तेही न उघडता.

सामोवारमध्ये ते जमलं. एका बाईने चालवलेली जागा म्हणून असेल, चित्रकारांना तासन् तास बसायची सवय म्हणून असेल, पण "आणखी काय?" असं कुणी विचारलं नाही. पहिल्या दिवशी मी दाराजवळची खुर्ची धरली होती, चटकन उठता यावं म्हणून. दोन-तीन महिन्यांत हिरवळीकडच्या बाजूला सरकले. माझ्या आयुष्यातली ती पहिली जागा, जिथे मी कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची कारकून नव्हते. एक चहा मागवलेली बाई होते, बस.

बाबा गेल्यावर आईला पेन्शनच्या कागदांसाठी फोर्टात यावं लागलं. काम आटोपल्यावर मी तिला सामोवारमध्ये नेलं. ती मूळची चिपळूणची. हॉटेलात गेली असेल ती बाबांबरोबर, सणावाराला, तीही मोजून. तिच्यासाठी दहीवडा मागवला. बराच वेळ ती गप्पच होती, शेजारच्या टेबलावर एक बाई एकटीच काहीतरी लिहीत बसली होती तिच्याकडे बघत. मग हळूच म्हणाली, "इथे बायका नुसत्या बसतात?" मी म्हटलं, हो. खाऊन झाल्यावर तिने सवयीने पदर सावरला, पिशवी उचलली. "उठायचं ना?" मी म्हटलं, बस गं, गाडीला वेळ आहे. ती बसली. गाडीत तिने दहीवड्यात साखर कमी होती एवढंच सांगितलं. पण पुढच्या वेळी कागदांचं काम निघालं तेव्हा आदल्या रात्रीच विचारलं, "ते गाडीच्या डब्यातलं हॉटेल वाटेवरच आहे ना तुझ्या?"

सामोवार ३१ मार्च २०१५ ला बंद झालं. एक्कावन्न वर्षं चालून. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून नव्हे. जागा गॅलरीची होती, तिच्यावरून वाद झाला, तो कोर्टात गेला, आणि शेवटी जागा सोडायची तारीख ठरली. गॅलरीला दोष द्यायला मी बसलेले नाही, चित्रांसाठी बांधलेल्या इमारतीत चित्रांना जागा हवी असणं समजण्यासारखं आहे. पण तुमच्या घरातले जे म्हणत असतील की "चालत नसेल म्हणून बंद करतायत", त्यांना हे जरूर सांगा. मुंबईतली जुनी हॉटेलं मी बंद पडताना पाहिली, त्यांतली कितीतरी शेवटच्या दिवशीही भरलेली होती.

या हॉटेलांचं गणित आम्हा बँकवाल्यांना चटकन कळतं. स्वस्त चहा विकून माणसांना तासभर बसू देणं तेव्हाच परवडतं, जेव्हा जागेचं भाडं जवळजवळ नसल्यात जमा असतं. मुंबईत ते शक्य झालं पागडीमुळे, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन पुढे नाममात्र भाड्याने जागा घ्यायच्या पद्धतीमुळे, आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे. भाडी गोठली, आणि त्या गोठलेल्या भाड्याच्या आधाराने कोपऱ्याकोपऱ्यावरचे इराणी, खाणावळी, दुग्धालयं टिकून राहिली. इमारत पुनर्विकासाला गेली, कराराची मुदत संपली, मालकी चार भावांत वाटली गेली, किंवा पहाटे चारला उठून भट्टी पेटवायला पुढची पिढी तयार नसली, की संपलं. ताटातल्या पदार्थांशी याचा काही संबंध नसतो. ग्रँट रोडच्या बी. मेरवानचं उदाहरण घ्या. १९१४ पासूनचं हॉटेल, २०१४ साली बंद होणार अशी बातमी आली, तर मावा केकसाठी लोक रांगा लावून उभे. तेव्हा ते पुन्हा उघडलं. पण एवढ्या रांगांचं हॉटेलही बंद करायचं मनात येऊ शकतं, हे त्या वेळी सगळ्यांना दिसलं.

काळा घोड्याचा तो चौक तर अशा जाण्यांचाच आहे. ज्या पुतळ्यावरून नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा घोडा १९६५ सालीच तिथून हलवला, पुढे तो राणीच्या बागेत गेला. म्हणजे सामोवार आलं आणि वर्षभरात घोडा गेला! चौकातच वेसाइड इन नावाचं हॉटेल होतं. घटनेच्या मसुद्याचं काही काम डॉ. आंबेडकरांनी तिथे बसून केलं असं सांगतात. अरुण कोलटकर तिथे वर्षानुवर्षं बसत आणि समोरच्या रस्त्यावरची माणसं, कुत्री, कावळे बघत. त्या बघण्यातून झालेलं त्यांचं इंग्रजी कवितांचं पुस्तक २००४ साली, ते गेले त्याच वर्षी आलं. तोवर वेसाइड इन राहिलं नव्हतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एवढ्या मोठ्या कवीला त्या हॉटेलाकडून काय हवं होतं? एक खिडकी, आणि उठा म्हणून न सांगणारा माणूस. मला हवं होतं तेच. रस्त्यापलीकडचं ऱ्हिदम हाउस २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झालं. ते गाण्यांचं दुकान, पण शनिवारच्या माझ्या फेरीत तेही असायचं, त्यामुळे तो घाव दुसरा.

तेव्हा तुमचा प्रश्न, इतकं का लागतं? पदार्थ घरी करता येतो. खिमा पराठा माझी सून उत्तम करते, आणि आईच्या मताप्रमाणे साखर घातलेला दहीवडा मी करते. पण घरी मी उठते. कुणी आलं की उठते, गॅसवर काही असलं की उठते. ती जी न उठण्याची मुभा होती, ती दुसरीकडे मिळाली नाही. आता फोर्टात कॉफीची दुकानं पुष्कळ आहेत, मुली लॅपटॉप उघडून एकट्या बसलेल्या दिसतात, बघून फार बरं वाटतं. पण तिथल्या एका कॉफीच्या पैशात त्या काळच्या माझ्यासारख्या कारकुनाचा महिन्याचा चहा झाला असता.

तुमच्या हॉटेलाचे अजून काही दिवस उरलेत, म्हणून एक सांगते. शेवटच्या दिवशी जाऊ नका. त्याआधीच्या एखाद्या साध्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला जा, गल्ल्यावरचे मालक जरा निवांत असताना. तुमच्या नेहमीच्या जागी बसा. वाढणाऱ्या काकांना विचारा पुढे कुठे जाणार, कारण मालकाबद्दल सगळे विचारतात, त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही. घरातले जे हसतायत त्यांनाही न्या, आणि काही बोलू नका, नुसतं बसवा.

मी हे केलं नाही. बातमी वाचूनही रोज उद्यावर ढकलत राहिले आणि शेवटच्या शनिवारी गेले. आई तेव्हा नव्हती. आत शिरायला रांग, जो तो मोबाइलवर फोटो काढतोय, पन्नाशी-साठीची माणसं एकमेकांना ओळखी देतायत. बऱ्याच वेळाने खुर्ची मिळाली, हिरवळीच्या बाजूचीच. पण मागे पंधरा-वीस जण ताटकळत होते, त्यांतली एक बाई माझ्याच वयाची, एकटी. पुदिन्याचा चहा आला तो कढत होता. तिच्याकडे बघितलं आणि तो तसाच भराभर पिऊन मी तिला खुर्ची दिली.