दिव्याच्या ठेक्याचा ड्रायव्हर तपासताना

प्रश्न : मी काही वर्षे लिनक्सच्या कर्नलसाठी (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यासाठी) सी भाषेत लिहितो आहे, पण दुसऱ्याचा पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, तपासण्याचे काम प्रथमच माझ्याकडे आले आहे. आय-टू-सी बसवरील (प्रोसेसर आणि चिप यांना जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावरील) एका एलईडी चिपचा तो ड्रायव्हर आहे. एकदा उजळण्या-मंदावण्याचा नमुना भरून दिला की प्रोसेसर झोपलेला असतानाही चिप स्वतःच दिव्याची प्रखरता कमीजास्त करत राहते. कोड कंपाइल होतो, दिवा हवा तसा उजळतो आणि मंदावतो, शैली तपासणारी स्क्रिप्टही काही तक्रार करत नाही. मग मी नेमके काय पाहावे?

उत्तर : कोड तूर्त बाजूला ठेवावा आणि पॅचसोबत आलेले दस्तऐवजीकरण आधी वाचावे. ते आलेच नसेल, तर आपला पहिला अभिप्राय तोच. लिनक्सच्या ४.२० या, २०१८ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून एलईडीसाठी ‘पॅटर्न’ ट्रिगर, म्हणजे दिलेल्या नमुन्याप्रमाणे दिवा चालवणारी सोय, उपलब्ध आहे. त्यात प्रखरता आणि मिलिसेकंदांतील कालावधी अशा जोड्या एका फाइलीत लिहायच्या असतात. ‘० १००० २५५ २०००’ असे लिहिले की दिवा एका सेकंदात पूर्ण उजळतो आणि दोन सेकंदांत विझतो. संक्रमण मुळातच क्रमाक्रमाने होते. एकदम बदल हवा असेल तर तीच प्रखरता शून्य कालावधीसह पुन्हा लिहावी लागते. हे झाले सॉफ्टवेअरने चालवलेल्या नमुन्याचे. चिपने चालवायच्या नमुन्याची फाइल वेगळी असते आणि तिच्यातील जोड्यांचा अर्थ प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या परीने ठरवतो. म्हणूनच तो अर्थ लिहून ठेवणे बंधनकारक मानावे. कोडमधील चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येते, परंतु लोकांचे प्रोग्राम एकदा ज्या मांडणीवर विसंबले ती मांडणी मागे घेता येत नाही.

मांडणी पटली की नमुना स्वीकारणारे फंक्शन उघडावे. समजा, चिपला उजळणे, उजळलेले राहणे, मंदावणे आणि विझलेले राहणे एवढ्या चारच अवस्था ठाऊक आहेत. मग पाचवी जोडी आल्यावर ड्रायव्हर काय करतो? ती गुपचूप गाळत असेल तर पॅच परत पाठवावा. जे जमत नाही त्याला स्पष्ट त्रुटी देऊन नकार द्यायचा असतो. पुनरावृत्तीचेही तसेच. पुनरावृत्तीच्या संख्येत उणे एक म्हणजे अखंड. पण चिपला फेऱ्या मोजताच येत नसतील, तर ‘तीन वेळा’ ही मागणी मान्य केल्याचे भासवणे ही वापरणाऱ्याची फसवणूक होय.

कालावधीच्या हिशेबाजवळ मात्र रेंगाळावे, कारण अशा ड्रायव्हरांतील बहुतेक खऱ्या चुका मला तिथेच सापडल्या आहेत. चिपची पायरी १२५ मिलिसेकंदांची आणि रजिस्टर (चिपमधील मूल्य साठवणारा कप्पा) आठ बिटांचे, म्हणजे २५५ पर्यंतच मोजणारे असेल, तर कमाल कालावधी ३१,८७५ मिलिसेकंद होतो. कोणी ३२,००० लिहिले, तर भागाकार २५६ येतो आणि आठ बिटांत त्याचे शून्य होते : बत्तीस सेकंदांत सावकाश उजळायचा दिवा क्षणात पेटतो. खालच्या टोकाला १०० मिलिसेकंदांना १२५ ने भागले की सी भाषेच्या पूर्णांक भागाकारात शून्यच उरते. लेखकाने चाचणी एक-दोन सेकंदांच्या नमुन्यावर केलेली असते, त्यामुळे दोन्ही टोके त्याच्या नजरेतून निसटतात. पूर्णांकन करायचे की नकार द्यायचा, यावर मतभेद होऊ शकतो. मला स्वतःला जवळच्या पायरीपर्यंतचे पूर्णांकन चालते, मात्र ते दस्तऐवजात नोंदलेले हवे. मर्यादेबाहेरच्या मूल्याला नकारच योग्य.

आय-टू-सी व्यवहारात कोड झोपू शकतो, म्हणजे उत्तराची वाट पाहत थांबू शकतो, हे आपणास ठाऊक असेलच. प्रखरता बदलणारे साधे फंक्शन झोपता कामा नये, म्हणून अशा चिपने त्याचे ‘ब्लॉकिंग’ रूप पुरवायचे असते. सॉफ्टवेअर नमुना टायमरवर, साधारण ५० मिलिसेकंदांच्या अंतराने, प्रखरता बदलत असतो. साध्या फंक्शनमध्येच आय-टू-सी व्यवहार केलेला असेल, तर तिथे ही चूक लगेच उघडी पडते. चार-पाच रजिस्टरे लिहिताना मधलेच लेखन फसले तर चिपमध्ये अर्धा जुना, अर्धा नवा नमुना उरतो. म्हणून प्रत्येक लेखन यशस्वी झाले का हे सांगणारे परतीचे मूल्य तपासले आहे का, आणि लिहिण्यापूर्वी नमुना थांबवला आहे का, हे पाहावे. म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) एलईडीच्या नोंदणीआधी तयार झालेला असावा, कारण नोंदणी होताच पूर्वनिर्धारित ट्रिगर दिव्याला हात लावू शकतो.

नमुना पुसणारे फंक्शन बहुधा दोन ओळींचे असते आणि परीक्षक त्यावरून झरकन पुढे जातो. ते नसेल, तर ट्रिगर इशारा देऊन हार्डवेअर नमुन्याची सोयच नाकारतो, पण ते अपुरे असेल तर कोणीच इशारा देत नाही. ड्रायव्हर काढून टाकल्यावरही चिप आपला ठेका चालूच ठेवते, कारण तिला कोणी थांबवलेलेच नसते. लेखकाला नमुना चालू असताना ड्रायव्हरचे मॉड्यूल उतरवून पाहायला सांगावे.

प्रश्न : त्याच पॅचवर एकाने सुचवले आहे की, दिवा अंधुक असताना उजळणे धक्क्याधक्क्याने होते, तेव्हा ड्रायव्हरमध्येच गॅमा दुरुस्तीचा तक्ता (डोळ्याला बदल एकसारखा वाटावा म्हणून प्रखरतेची मूल्ये बदलणारा) घालावा. हे मान्य करावे का?

उत्तर : निरीक्षण खरे आहे. एकवरून दोनवर जाताना प्रकाश दुप्पट होतो, दोनशेवरून दोनशे एकवर जाताना डोळ्याला काही कळतही नाही. तरीही तक्ता ड्रायव्हरमध्ये नको. तो घातला की याच दिव्याला लिहिलेल्या १२८ चा अर्थ इतर दिव्यांपेक्षा निराळा होतो, आणि ज्याला सरळ रेषेतलेच मूल्य हवे आहे त्याच्याकडे पर्याय उरत नाही. सॉफ्टवेअर नमुन्यात अधिक जोड्या देऊन हवा तो वक्र वापरणाऱ्यालाच रचता येतो. चिपमध्ये स्वतःचा वक्र असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तो चालू-बंद करण्याची सोय स्वतंत्र पॅचने मागावी.